मोहिते पद्धत आणि वस्तीची गाडी

आमच्या रत्नागिरीत चूक काढणारा माणूस शोधावा लागत नाही. फुकट आंबा दिलात तरी कोय मोठी निघाली म्हणून सांगायला येतील. लग्नाला बोलवा, पोटभर जेवतील आणि हात धुताना आमटीत मीठ कुठे कमी पडलं ते सांगतील. मी स्वतः एसटीत वाहतूक नियंत्रक होतो, म्हणजे नोकरीभर लोकांनी माझ्या चुका काढल्या आणि मी लोकांच्या. पण या गुणाचा काही उपयोग करून घेता येईल, हे माझ्या बायकोशिवाय दुसऱ्या कोणाच्या डोक्यात आलं नाही.

माझी बायको म्हणजे करुणा मोहिते. संगणकशास्त्रातलं मोठं नाव. असं लोक म्हणतात. मी म्हटलं तर ती रागावते. तिची एक पद्धत आहे, ती जाड जाड पुस्तकांत छापलेली आहे आणि तिला ‘मोहिते पद्धत’ म्हणतात. त्यातलं डोकं सगळं तिचं. माझं फक्त आडनाव. तेवढ्या भांडवलावर मी आयुष्यभर मिरवत आलो.

तिचं लहानपण अलोऱ्याच्या कॉलनीत गेलं. माझे सासरे सहदेव तांबे कोयना प्रकल्पात मदतनीस होते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यातलं, घरात जमीन नावापुरती. कॉलनीत मात्र एका रांगेत सारखी घरं, सारखे नळ आणि सगळ्यांना एकच शाळा. सासरे म्हणायचे, की आम्ही धम्माची दीक्षा घेतली तेव्हा मन सरळ झालं आणि कॉलनीत आलो तेव्हा पाठ. करुणा त्या शाळेत गणितात पहिली यायची, आणि पहिली आली नाही तर पेपर पुन्हा तपासायला लावायची. एकदा पुन्हा तपासल्यावर तिचे दोन गुण कमी झाले. ती घरी येऊन नाचली म्हणे, कारण गुरुजींना आधी न दिसलेली तिची चूक आता दिसली होती. ही गोष्ट सासूबाई सुंदराबाई लग्नात सगळ्यांना सांगत होत्या, आणि मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पुढे मुंबईला मुलींच्या वसतिगृहात राहून ती एम.एस्सी. झाली आणि एका संशोधन संस्थेत लागली. तिथला संगणक एका हॉलएवढा होता. प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा, तो खिडकीतून आत द्यायचा आणि उत्तर दुसऱ्या दिवशी मिळायचं. गठ्ठा हातातून पडला की क्रम गेला आणि सगळा खेळ खलास. करुणा गठ्ठ्याच्या कडेवर पेनाने एक तिरपी रेघ ओढून ठेवायची. कार्डं विस्कटली तरी रेघ जुळवली की क्रम जुळायचा. तिच्या खात्यात त्या वेळी बायका दोनच, आणि त्यातली दुसरी टायपिस्ट होती.

अशात ती एकदा सुट्टीला घरी आली आणि थेट रत्नागिरीच्या स्टँडवर, माझ्या टेबलापुढे येऊन उभी राहिली. मी तेव्हा नवा होतो, शर्टाला इस्त्री होती.

“दिवसभराच्या फेऱ्यांना तुम्हाला गाड्या किती लागतात?” तिने विचारलं.

“जेवढ्या असतात तेवढ्या,” मी म्हटलं.

ती हसली नाही. वेळापत्रक मागून घेतलं, बाकावर बसून उतरवून घेतलं आणि गेली. पुढच्या सुट्टीत परत आली आणि म्हणाली, “तुमच्या दोन गाड्या उगाच बाहेर पडतात.” मला असा राग आला! माझ्या टेबलापुढे उभं राहून माझ्या गाड्या मोजणारी ही कोण? मी तिला चहा पाजून तिची चूक दाखवायला बसलो. तीन चहा झाले. चूक काही सापडली नाही, लग्न मात्र ठरलं.

मोहिते पद्धत ती हीच. सांगायला सोपी आहे. सगळ्या फेऱ्या सुटायच्या वेळेप्रमाणे ओळीत लावायच्या. प्रत्येक फेरीला आधीच मोकळी झालेली गाडी द्यायची, एकही मोकळी नसेल तरच नवी काढायची. यात गावं वाढली, अंतरं वेगवेगळी झाली की गुंता होतो. तो कसा सोडवायचा आणि येणारं उत्तर नेहमी कमीत कमी गाड्यांचंच असतं हे कसं सिद्ध करायचं, यात तिची तीन वर्षं गेली. शोधनिबंध छापून आला तोवर ती मोहिते झाली होती. मग परदेशातून बोलावणं आलं. ती दोन वर्षं तिकडे गेली आणि मी दोन वर्षं आगाराच्या कॅन्टीनमधली उसळ खाल्ली.

तिकडेच राहायची संधी होती, पण ती परत आली, आणि मुंबईलाही न थांबता रत्नागिरीच्या एका कॉलेजात शिकवायला लागली. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी आली. मलाही काही दिवस तसंच वाटत होतं. मी विचारल्यावर ती म्हणाली, “तिकडे माणसं फार सभ्य हो. माझं चुकलं तरी ‘छान, छान’ म्हणायची. अशाने शास्त्र पुढे जात नाय. शास्त्राला आपली माणसं पाहिजेत, खवट.”

कॉलेजात संगणक यायचा होता, आला नव्हता. खोली तयार होती, पडदे लागले होते, ‘चप्पल बाहेर काढा’ अशी पाटीसुद्धा लागली होती. करुणा मुलांना घेऊन मैदानात गेली. “तू गाडी, तू आगार, तू गुहागर, तू देवरूख,” असं म्हणत तिने मुलांनाच उभं केलं आणि सगळा प्रोग्राम मैदानावर चालवून दाखवला. येणारी-जाणारी माणसं कुंपणाशी थांबायची. नाटकाची तालीम आहे असं समजून एका गृहस्थाने तिकीट कितीला म्हणून विचारलं होतं.

आणि त्या कॉलेजातच, पहिल्या महिन्यात, ती गोष्ट झाली. फळ्यावर ती लिहीत असताना मागच्या बाकावरून मिरकरवाड्याचा केतन म्हणाला, “बाई, तिसऱ्या ओळीत घोटाळा हाय.” बाईंनी तिसरी ओळ वाचली, खडू खाली ठेवला आणि म्हणाल्या, “इकडे ये. माझ्या खुर्चीत बस.” केतनला वाटलं आता कान धरणार. तो आला, बसला. बाई त्याच्या बाकावर जाऊन बसल्या, वही उघडली आणि म्हणाल्या, “हं, शिकवा.”

तेव्हापासून तिच्या वर्गाचा हा कायदाच झाला. ज्याने बाईंची चूक काढली, त्याने तास संपेपर्यंत खुर्चीत बसून शिकवायचं आणि बाईंनी बाकावर बसून शिकायचं. मग काय विचारता! मुलं रात्रंदिवस बाईंच्या चुका शोधायला लागली, आणि चुका शोधायच्या तर अभ्यास करावा लागतो, हे त्यांच्या लक्षात यायच्या आत ती हुशार होऊन बसली. आज तिचे विद्यार्थी पुण्यात, बंगळुरात, कुठे कुठे मोठ्या जागांवर आहेत. त्यांना विचारा, पगार विसरतील पण आपण त्या खुर्चीत कधी बसलो ते सांगतील.

मी एकदा तिला म्हटलं, अगो, शिस्त म्हणून काय राहील का? ती म्हणाली, “माझा आजा गावात कुणाच्या दारी गेला तर अंगणाच्या कडेला उभा राहायचा. खुर्चीत कोण बसणार ते जन्माच्या आधीच ठरलेलं. मी फक्त एवढंच म्हणते, की खुर्ची ज्याचं बरोबर त्याची.” माझाही आजा तिथेच उभा असायचा.

करुणा निवृत्त झाल्यावर हा वर्ग आमच्या घरी भरायला लागला, दर रविवारी. मुलं गावोगावहून येतात. फी नाही. चहा मी करतो, आणि चहातही चुका काढतात. या मुलांत तीन वर्षांपासून तेजल येते. संगमेश्वरच्या पुढे, आत डोंगरात तिचं गाव. बापूस दीपक भायखळ्याला एका छापखान्यात कामाला, आई गावी. मुलगी तल्लख, पण तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. खुर्चीत ती कधी बसली नव्हती. दोनदा तिला चूक दिसली होती हे मला माहीत आहे, कारण दोन्ही वेळा तिने वर्ग सुटल्यावर, कपबश्या विसळायला येऊन, ती माझ्या कानात सांगितली होती.

यंदा करुणेच्या विद्यार्थ्यांनी तिचा सत्कार ठरवला. पुढाकार केतनचा. तो आता पुण्यात स्वतःची कंपनी चालवतो आणि मागच्या बाकावर बसणारा राहिलेला नाही. हॉल घेतला, पत्रिका छापल्या, मोठ्या संस्थेतले कोणी पाहुणे बोलावले. मी नवा शर्ट शिवला. इतकी वर्षं जे नाव पुस्तकात होतं ते आता गावात, बॅनरवर लागणार होतं. करुणा ‘कशाला, कशाला’ म्हणत होती, पण साडी तिने दोन दुकानं फिरून आणली. हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो.

समारंभ रविवारी होता. गुरुवारी करुणा अलोऱ्याच्या शाळेत मुलांशी बोलायला गेली होती आणि दुपारी तेजल दारात येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

“बाई नायत?” तिने विचारलं.

“संध्याकाळी येतील. आत ये गो. झालं काय?”

ती आत आली, पण बसली नाही. पिशवीतून तिने कागद काढले. एम.एस्सी.चा तिचा प्रकल्प एसटीच्या वेळापत्रकावर होता. त्यात तिने आपल्या गावची गाडी घेतली होती. वस्तीची गाडी. आमच्याकडे आडगावांना शेवटची गाडी संध्याकाळी जाते, रात्री गावातच झोपते आणि सकाळी पोरांना, भाजीला, दवाखान्याच्या माणसांना घेऊन परत येते. चालक-वाहक शाळेच्या पडवीत झोपतात.

“काका, ही फेरी आज सुटते नि उद्या संपते,” तेजल म्हणाली. “बाईंची पद्धत सकाळी सुरू होते. तेव्हा कालची गाडी अजून गावातच हाय, ह्ये तिला दिसतच नाय. मी आमच्याकडच्या पाच फेऱ्या लावून बघितल्या. पद्धत चार गाड्या मागते. हाताने लावल्या तर तीनमध्ये भागतं.” मग अगदी हळू म्हणाली, “बाईंनी दिवस सरळ धरलाय. तो गोल हाय.”

मी कागद पाहिला. इतकी वर्षं गाड्या लावण्यात गेली, मला तेवढं कळतं. तीनमध्ये भागत होतं.

“मग रडतेस कशाला?”

तिच्या कॉलेजातले गाईड सर हे पान बघून म्हणाले होते, की मोहिते पद्धत पुस्तकात छापलेली आहे, जगभर शिकवतात, आणि तू कोण लागून गेलीस तिला चूक म्हणणारी? हे पान काढ, नाहीतर मी सही करत नाही. प्रकल्प सोमवारी द्यायचा होता. तो गेला नाही तर वर्ष जाणार होतं, आणि बंगळूरला पुढच्या संशोधनासाठी मिळालेली जागाही जाणार होती. पान काढलं तर प्रकल्पात उरत काहीच नव्हतं. आणि ते बरोबर असताना काढायचं, हे तिला जमत नव्हतं.

“बाईंनी एक शब्द सांगितला तर सर ऐकतील,” ती म्हणाली. “पण बाईंना कसं सांगू? रविवारी त्यांचा ह्याच पद्धतीसाठी सत्कार हाय.”

आता माझं ऐका. माझ्या डोळ्यांपुढे ते बॅनर आलं, करुणेची साडी आली, आणि मी त्या पोरीला म्हटलं, “सोमवारी बघू. रविवार होऊ दे. तोवर गप्प बस.”

“पण काका, वर्गात बाई म्हणतात—”

“हा वर्ग नाय गो. समारंभ हाय.”

तिने मान हलवली, कागद माझ्या हातात तसेच राहिले आणि ती चहा न घेता गेली. मला वाईट वाटलं, आणि आपण शहाणपणा केला असंही वाटलं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्या आगाराला ठाऊक होतं. त्यामुळे मी ठरवलं की बोलायचंच नाही. करुणा संध्याकाळी आली, अलोऱ्याच्या गमती सांगत राहिली, आणि मी हूं हूं करत भाकरी मोडत होतो. भाजी वाढताना तिने हात थांबवला.

“अहो, तुम्ही भाजीला नावं नाय ठेवलीत अजून. बरं वाटत नाय का?”

झालं. मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, “जेवून बघ.”

जेवण राहिलं बाजूला. तिने ताट सरकवलं, पाच फेऱ्या वाचल्या, पेन्सिल घेतली, पुन्हा वाचल्या. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. आधी कपाळावर आठी आली. मग भुवया वर गेल्या. मग तिने टेबलावर हात आपटला, वाटी उडाली, आणि ती हसायला लागली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. “गोल! अहो, दिवस गोल आहे! ही पोरगी रोज त्या गाडीने येते म्हणून तिला दिसलं. नि मीसुद्धा सुट्टीत गावी तसल्याच वस्तीच्या गाडीने जायचे की हो!”

मग ती माझ्याकडे वळली. “पण तुम्ही तर निवृत्त होईपर्यंत आगारात माझ्याच पद्धतीने गाड्यांचा तक्ता करायचात. तुम्हाला कधी एक गाडी जास्त नाय आली?”

“नाय,” मी म्हटलं. “वस्तीच्या गाड्या मी त्यात घालायचोच नाय. त्या हाताने लावायचो.”

“का?”

“त्या घातल्या की तक्ता बिघडायचा.”

करुणेने पेन्सिल खाली ठेवली. “तक्ता बिघडायचा. आणि तुम्ही मला सांगितलं नाय?”

“मला वाटलं, वस्तीच्या गाड्याच तशा,” मी म्हटलं. “तुझी पद्धत चुकेल असं कशाला मनात येईल?”

उभ्या रत्नागिरीत चूक न काढणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका हिच्या घरात निघाला. ती मला काहीबाही बोलली, ते मी इथे लिहीत नाही. पण बोलता बोलता तिने माझ्या ताटात भाजी वाढली, म्हणजे फार रागावली नव्हती.

आवराआवर झाल्यावर ती ओटीवर येऊन बसली. मी विचारलं, “वाईट वाटलं?”

“वाटलं,” ती म्हणाली. “चूक सापडली म्हणून नाय. मला सापडली नाय म्हणून.”

मी अजून एक प्रयत्न करून पाहिला. म्हटलं, सोमवारी सकाळीच त्या सरांना फोन कर, पोरीचं काम होईल, रविवारही गोड होईल. ती म्हणाली, “सत्कार कशाबद्दल आहे?” मी म्हटलं, पद्धतीबद्दल. “मग ती चुकीची आहे हे कळल्यावर शाल अंगावर घेऊ?” मी म्हटलं, शिकवण्याबद्दलही आहे, पत्रिकेत लिहिलंय. “मग तर झालंच,” ती म्हणाली आणि फोन उचलला. तेजलला तिने एवढंच सांगितलं, “तुझं बरोबर आहे. रविवारी ये, तुझे कागद मी आणते. आणि घरी सांग.”

रविवारी हॉल भरला. डोक्यावरचे केस गेलेले, पोटं सुटलेली माणसं शाळेतल्यासारखी एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. तेजलचे गाईड सर दुसऱ्या रांगेत होते. त्यांनाही पत्रिका गेली होती. तेजल मागे भिंतीला चिकटून उभी होती. केतनचं भाषण चांगलं झालं. शेवटी तो म्हणाला, “आम्ही बाईंच्या शंभर चुका काढल्या. पण मोहिते पद्धतीत चूक काढणारा अजून जन्माला यायचाय!” टाळ्यांचा कडकडाट झाला. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाजूचा माणूस माझ्याकडे बघायला लागला.

पाहुणे शाल घेऊन उठले तेव्हा करुणेने त्यांना हाताने थांबवलं आणि ती माइकपाशी गेली.

“केतन, तिसऱ्या ओळीत घोटाळा आहे,” ती म्हणाली.

सगळे हसले. त्यांना थट्टा वाटली.

“ती जन्माला आलेली आहे,” करुणा म्हणाली. “मोहिते पद्धत चुकते. वस्तीची गाडी आली की चुकते. तेजल जाधवने दाखवलंय आणि मी तपासलंय. तिचं बरोबर आहे. ही चूक इतकी वर्षं झाकून राहिली, कारण माझे यजमान ती हाताने दुरुस्त करत होते आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं.”

दोनशे माणसं माझ्याकडे वळली. मी उठून नमस्कार केला. दुसरं काय करणार?

“तेजल, वर ये,” करुणा म्हणाली. व्यासपीठावर मागे आमच्या वर्गाचा फळा होता, तो तिने मला सकाळीच आणून ठेवायला लावला होता, आणि मधोमध सत्कारमूर्तीसाठी लाल गादीची खुर्ची होती. ती करुणेने माइककडे ओढली. तेजल भिंतीपासून हलेना. मग मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, “अगो जा! खुर्ची रिकामी हाय!” आणि सगळा हॉलच ओरडायला लागला. ती सगळी कधी ना कधी बाईंच्या खुर्चीत बसलेली माणसं. तेजल लाल चेहऱ्याने पायऱ्या चढली. करुणा पायऱ्या उतरली. शाल हातात घेतलेले पाहुणे एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले, आणि शेवटी तेही शहाण्यासारखे खाली येऊन बसले.

गाईड सर अर्धवट उठून म्हणाले, “मॅडम, सहीचं मी बघतो, आत्ता करतो—”

“आधी ऐका तरी,” करुणा म्हणाली. सर खाली बसले.

सुरुवातीला तेजलचा आवाज माइकलाही ऐकू येत नव्हता. पहिल्या फेरीपाशी ती अडखळली. दुसऱ्या फेरीला तिने खडू घेतला. फळ्यावर तिने एक गोल काढला, त्यावर सकाळ, दुपार, संध्याकाळ लिहिली, आणि आपल्या गावची गाडी रात्रीवरून पलीकडे नेली. तिथून पुढे ती आमच्याकडे बघायची विसरली. बोटं पांढरी, कपाळाला खडू, आणि बोलणं कसं, तर गावात विहिरीवर बोलावं तसं. गाईड सरांनी हात वर केला आणि विचारलं, की एकाच गावाला दोन वस्तीच्या गाड्या असल्या तर? तेजल म्हणाली, “सर, मग जास्तच चुकते,” आणि तेही तिने काढून दाखवलं. सरांनी खिशातून पेन काढलं. सहीसाठी नाही, उतरवून घ्यायला.

करुणा शेवटून तिसऱ्या रांगेत, माझ्या शेजारी येऊन बसली होती. पत्रिकेच्या पाठीमागे ती भराभर लिहीत होती. तिच्या पलीकडची खुर्ची रिकामी होती. मध्येच दार उघडलं आणि हातात बॅग घेतलेला, गाडी उशिरा पोचल्यामुळे धापा टाकत आलेला एक माणूस वाकून वाकून येऊन त्या खुर्चीत बसला. व्यासपीठाकडे बघून त्याने बॅग छातीशी धरली. तेजलचं नाक त्याच्याचसारखं होतं.

समोरच्या गोलातलं त्याला काही कळत नव्हतं हे दिसत होतं. आजूबाजूची मोठी मोठी माणसं गप्प बसून का ऐकतायत, हेही त्याला नीट कळत नव्हतं. शेवटी त्याला राहवेना. तो शेजारच्या पिकल्या केसांच्या बाईकडे वाकला.

“बाई,” तो कुजबुजला, “ती माजी मुलगी हाय. बरोबर सांगते ना?”

करुणेने लिहिणं थांबवलं नाही. “श्श,” ती म्हणाली, “मला शिकू द्या.”